पाणी पिणारा काचेचा पक्षी

माधवनगरात आमच्या समोर एक रेकॉर्ड-क्लार्क राहायचे; सगळे त्यांना बाबू म्हणत. त्यांच्या टेबलावर काचेचा पक्षी होता. पेल्यात चोच बुडवायचा, सरळ व्हायचा, पुन्हा वाकायचा. किल्ली नाही, दोरा नाही. कुणी टक लावून बघितलं की बाबू समजावायला बसत. "डोक्यावरचं कापड ओलं असतं. ते वाळताना डोकं थंड होतं, म्हणून पोटातला रंगीत द्रव वर चढतो आणि तो वाकतो. समझलात?" चहा निवला तरी सुटका नसे.

आमचं मध्यभारत राज्य जाऊन नव्या राज्याची राजधानी भोपाळ होणार, अशी चर्चा तेव्हा घरोघर होती. शेजारच्या काकूंच्या मुलाचं ऑफिसही तिकडे जाणार होतं. एका दुपारी आम्ही बाबूंकडे चहाला बसलो असताना काकूंनी पक्ष्यापुढे हात जोडले, बदली टळू दे म्हणाल्या आणि त्याच्या डोक्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. तेलकट कापड पाणी धरेना. पक्षी थांबला, आणि काकूंचा चेहरा उतरला.

आता व्याख्यान होणार, म्हणून मी घाईघाईने चहा संपवला. पण बाबूंनी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आज निर्जला एकादशी ना, काकू? त्याचाही उपास आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षी पाणी पीत होता. बाबूंची बोटं अजून लाल होती.