ओटीपी सांगायचा न्हाई

"वहिनी, तुम्ही जरा मागं बसा. साहेबांना पुढं येऊ द्या."

सीएच्या ऑफिसात माझं स्वागत हे असं झालं. वाकडच्या उंच इमारतीतलं ऑफिस, जुलैअखेरची गर्दी, भिंतीला टेकून बसलेली गिऱ्हाइकं. रिटर्न माझं. धंदा माझा. पॅनकार्ड माझं. आणि टेबलापुढच्या खुर्चीतून उठायचंही मीच. मी उठले. सवयीनं उठले, त्याचाच आज जास्त राग येतो.

साहेब म्हणजे माझा नवरा. भोसरीच्या कंपनीत मशीनवर त्यांचा उभा जन्म गेला. तिथं कुणी त्यांना साहेब म्हटलं नाही. सुपरवायझर तर अरेतुरे करायचा. इथं 'साहेब' कानावर पडलं की ते ताठ बसायचे. मला ते दिसायचं. वाईटही वाटायचं. म्हणून मी गप्प राहायची.

माझा धंदा रबराच्या ट्रिमिंगचा. गाड्यांना लागणारे रबरी भाग साच्यातून निघाले की कडेला जादा रबराची झालर राहते, ती कात्रीनं कापून काढायची. दापोडीतल्या आमच्या खोलीत सुरुवात केली. ओट्याखाली पोती, पलंगाखाली पोती. रबराचा वास हाताला असा बसला की भाकरी थापतानाही तोच यायचा. मग तळवड्यात भाड्यानं गाळा घेतला, गल्लीतल्या बायका कामाला घेतल्या. चाकणला कारखान्यांच्या गेटवर जाऊन उभी राहिले आणि काम आणलं. नवरा म्हणायचा, "कशाला उगीच उरस्फोड करतीस?" पण अडवलं नाही, हेही खरं.

सीएच्या लेखी मात्र मी नावापुरती. बायकोच्या नावावरचा धंदा म्हणजे असणार नवऱ्याचाच, कर वाचवायला तिच्या नावे दाखवलेला. हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलेलं. मला एकच विचारायचा, "वहिनी, चहात साखर चालते ना?" कामाचं सगळं साहेबांना. साहेबांना त्यातलं काही ठाऊक नसायचं. ते मागं वळून मला विचारायचे, मी सांगायची, ते पुढं सांगायचे, आणि सीए त्यांना म्हणायचा, "वा साहेब, बारीक लक्ष आहे तुमचं!" दरवर्षी हेच नाटक. दरवर्षी मी गिळलं.

यंदा नवऱ्यानं कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. आणि मी साच्यात रबर दाबून भाग काढणारा प्रेस घ्यायचं मनावर घेतलं. दुसऱ्याच्या मालाच्या कडा किती दिवस कापायच्या? स्वतःचा माल काढायचा होता. कर्जासाठी बँकेनं माझी रिटर्नं मागितली होती. त्यामुळे यंदाच्या रिटर्नात माझा जीव अडकला होता.

सीएनं स्क्रीन नवऱ्याकडे वळवली. "साहेब, एकदम सुटसुटीत करून टाकलंय. धंदा आता तुमच्या रिटर्नात घेतला. वहिनींच्या रिटर्नात घरबसल्या किरकोळ काम दाखवलंय. कर्जही तुमच्याच नावावर करू. बँकेला पुरुष माणूस समोर असलेला बरा वाटतो."

घरबसल्या. किरकोळ.

मागच्या खुर्चीतूनच मी म्हणाले, "पण धंदा माझा हाय."

शेजारी बसलेला एक जण हसला. सीएही हसला. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "अहो वहिनी, घरातच राहतोय की. कुठं बाहेर चाललाय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. "तुमाला ठावं व्हतं?"

"अगं, कागदावरचंच हाय," ते म्हणाले. "काय फरक पडतो?"

म्हणजे ठाऊक होतं. हसणारा माणूस मला लागला नाही, सीए लागला नाही. हे लागलं.

तेवढ्यात नवऱ्याच्या हातातला फोन वाजला. माझ्या आधारला नंबर त्यांचा जोडलेला.

"साहेब, ओटीपी सांगा. तेवढा टाकला की वहिनींचं रिटर्न पक्कं."

नवऱ्यानं चष्मा सावरला. पहिला आकडा तोंडातून बाहेर पडला आणि मी उठले. त्यांच्या फोनवर पंजा ठेवला. कात्रीनं घट्टे पडलेला, रबराच्या वासाचा पंजा.

"सांगायचा न्हाई."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू द्या."

सीएचा आवाज चढला. "वहिनी, मुदत संपत आलीय. दंड बसेल."

"बसू द्या. मी भरीन."

"साहेब, तुम्ही समजवा यांना जरा!"

एवढं होऊनही बोलायचं ते नवऱ्याशीच! मी हात काढला नाही. ओटीपीची वेळ संपली.

"गेला," सीए म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "परत मागवू का?"

साखरेनंतरचा त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणाले, "माझी कागदपत्रं द्या."

लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "चारचौघांत माझी अब्रू घालवलीस."

"आन माझी?"

लिफ्ट उघडताच ते पुढं चालू लागले.

रांगेत उभं राहून मी आधारला माझा नंबर जोडून घेतला. चिंचवडला दुसरा कर सल्लागार गाठला, खुर्ची ओढून बसले आणि आधी सांगितलं, धंदा माझा, विचारायचं ते मला विचारा. नवऱ्याच्या रिटर्नातून धंदा काढायला लावला. माझं रिटर्न उशिरा गेलं. दंड बसला, भरला. बँकेनं माझी फाईल लांबणीवर टाकली. प्रेस अजून आलेला नाही. त्याचं दुःख आहे, नाही कशाला म्हणू? पण नवऱ्याच्या नावावर आलेल्या मशीनवर मी माझ्याच धंद्यात मोलकरीण झाले असते.

नवरा आता गाळ्यावर येतो. माल तपासतो, चोख तपासतो. पगार मी देते. परवा नवा टेम्पोवाला आला, आम्हा सगळ्या बायकांना ओलांडून थेट त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "शेठ, माल कुठं उतरवू?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मिटलं.

मी कात्री खाली ठेवली. "शेठ मी हाय. मला विचार."

असे टेम्पोवाले अजून येतील. बँकवाले येतील, साहेब शोधणारे येतील. येऊ देत. प्रत्येकाला हेच सांगेन, हसला तरी सांगेन. पुढची खुर्ची आता कुणासाठी रिकामी करणार नाही.