नामानिराळी पूड

बरणीतलं तेल तुपासारखं थिजलं होतं, आणि मुकादमसाहेबांची गाडी गेटातून आत येत होती.

दोन हजार पाच-सहाचा मे असेल. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मालतीताईंचं टाकाऊ प्लास्टिकपासून इंधनतेल काढायचं छोटं युनिट होतं. मी तिथे केमिकल इंजिनीअर. मुकादमांचा मासळी-प्रक्रियेचा कारखाना. त्यांनी बॉयलरसाठी आमचं तेल घेतलं तर युनिट चालणार, नाहीतर पावसाळ्याआधी कुलूप.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. नुसत्या उष्णतेने त्या कशाही तुटतात. मोठे तुकडे उरले की तेलाऐवजी मेण मिळतं. म्हणून कॅटॅलिस्टची पांढरी पूड घालायची, ती तुकडे बारीक करते. मोठ्या रिफायनरीत जड खनिज तेलही असंच फोडतात. या पुडीचं मला भारी कौतुक. सगळी मोडतोड घडवून आणते आणि स्वतः नामानिराळी! फक्त मीठ तिला सोसत नाही. मीठ लागलं की ती मातीमोल.

त्या बॅचमध्ये मांडवीच्या मच्छीमारांचे जुने प्लास्टिकचे दोर होते, खाऱ्या पाण्यात मुरलेले. ते गोड्या पाण्याने धुवायचे, पण टँकर आला नाही. मी नको म्हणत होतो. "एकदा चालवून घ्या हो," ताई म्हणाल्या होत्या.

"ताई, मागच्या बॅचचं तेल ड्रममध्ये आहे," मी हळूच म्हटलं. "दुधाच्या पिशव्यांचं, छान पातळ. तेच दाखवू या."

"आणि त्यांच्या बॉयलरात उद्या काय घालणार?"

त्यांनी बरणी उचलली आणि थेट मुकादमांपुढे ठेवली. मुकादमांनी ती उलटी केली. थेंब पडला नाही.

"ताई, ह्यां बॉयलरात घालू, का भाकरीला लावू?"

"दोर न धुता घालायला मी सांगितलं. मिठाने कॅटॅलिस्ट मेला. चूक माझी, ह्यांची नाही."

मला ताईंचा विलक्षण अभिमान वाटला. पण ऑर्डर गेली, असंच मी धरून चाललो.

मुकादमांनी बरणी खाली ठेवली. "मिठान माझेपण बॉयलर खाल्लेत. मासळी धुवायला माझ्याकडे गोड्या पाण्याचा टँकर येतो. एक हयसर, तुमच्याकडे धाडतो. दोर धुवा, मगे बोलवा."

दोर धुतले, नवी पूड भरली. पुढच्या खेपेला मुकादमांनी मागच्यासारखीच बरणी उलटी केली आणि सगळं तेल त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. हसत हसत त्यांनी ऑर्डर दिली.

मी पुढे बऱ्याच साहेबांच्या हाताखाली काम केलं. नामानिराळे राहणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यापेक्षा ती पूड बरी, निदान काम तरी करायची.