अध्यक्षांची खुर्ची

चौलच्या जत्रेत गावोगावची नाटकं व्हायची आणि चांदीचं पदक कुणाला मिळणार, ते आमचा भागोजी आदल्या दिवशीच सांगायचा. कसलं भविष्य आणि कसलं काय! अध्यक्षांची खुर्ची तोच डोक्यावरून वाहून आणायचा. ज्या गावच्या खोताकडून खुर्ची यायची, पदक त्याच गावाला जायचं.

त्याचा धाकटा भाऊ सदा बारा वर्षं लुगडं नेसून नायिका झाला. एकतीस साली त्याच्या कामानं अख्खा मांडव रडला. पदक मात्र खुर्चीमागोमागच गेलं.

"चांदीचा तुकडा तो! चाटायचाय काय?" भागोजी खेकसला.

"पदक जाव दे, दादा. माजं काम कसं झालं?"

निकाल ठरलेलाच, म्हणून बारा वर्षं भागोजी मांडवाबाहेर विड्या ओढत बसला होता.