वकिलातीची भिंत आणि चार ओळींची बातमी

दिल्लीतल्या एका परदेशी वकिलातीत मी एकदाच गेलो. जुन्या काळच्या एका संस्थानिकाच्या कोठीत ती होती. त्यांच्या देशातल्या वर्तमानपत्रात तीन महिने काम करण्यासाठी तिथे मुलाखती होत्या. जागा एक, अंतिम यादीत दोघे: नांदेडच्या संपादकीय डेस्कवरचा मी आणि आमच्याच दैनिकाचा लातूरचा वार्ताहर. मी तिसऱ्या वर्षी अर्ज केला होता, त्याने पहिल्यांदाच.

व्हरांड्यात थांबलो असताना तो भिंतीवर बोटं वाजवून बघत होता. त्याचे वडील चाकूरचे, चुन्याच्या कामातले जुने गवंडी.

“भाऊ, भित चुन्याची हाय. वरून सिमेंट फासलंय येड्यांनी. आतून फुगून राहिली.”

“मुलाखतीला आलास की डागडुजीला?”

“अब्बांनी बघितलं असतं तर लई शिव्या घातल्या असत्या.”

माझी मुलाखत बारा मिनिटं चालली. तुम्हाला काही विचारायचंय का, असं अधिकारी बाईंनी शेवटी विचारलं. मी नाही म्हणालो. नंतर तो आत गेला आणि थोड्या वेळाने बाईंना घेऊनच बाहेर आला. फुगलेल्या जागेवर हात ठेवून, हिंदीतून, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी का घालतात ते सांगू लागला. बाई वहीत लिहून घेत होत्या. माझ्या वेळी ती वही बंद होती.

परतीच्या गाडीत तो बाईंबद्दल बोलत राहिला. मी डोळे मिटून घेतले.

निवड त्याची झाली. बातमी लातूरच्या पानाची, आणि ते पान नांदेडला मी लावतो. त्याने वडिलांसोबतचा फोटो पाठवला होता. तो मी वगळला. मजकूर चार ओळींवर आणला. चाकूर कापलं, गवंडी कापला. उरलेल्या बातमीत एकही चूक नव्हती.

सकाळी त्याचा फोन आला.

“भाऊ, बातमी बघितली. अब्बांना वाचता येत न्हाई, त्ये फोटू हुडकून राहिले. दुसऱ्या पानावर हाय का?”

“जागा नव्हती.”

 मागे पानं उलटल्याचा आवाज येत होता.

“हाव. सांगतो त्यांना.”

त्या पानाच्या तळाशी दोन कॉलम आमच्याच वर्तमानपत्राची जाहिरात होती. जागा उरली की आम्ही ती लावतो. हे त्यालाही माहीत होतं.