आत्याची जांभळी गारगोटी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसात होते. फोन दिगंबरकाकांचा, म्हणजे आत्याच्या धाकट्या दिरांचा. "वहिनी गेल्या," एवढंच बोलले. त्याला आता दीडेक महिना होईल.

शकुंतलाआत्या कंधारच्या शाळेत भूगोल शिकवायची. सासरच्या शेतात विहीर खोदताना सुरुंगाने एक काळा धोंडा फुटला. पाणी काही लागलं नाही, त्यामुळे सगळे तोंड पाडून बसलेले. आत्या मात्र धोंड्याच्या पोकळीत डोकावत राहिली. आत जांभळ्या रंगाचे टोकदार स्फटिक दाटीने उभे होते. लोहाच्या अंशामुळे गारगोटीला असा रंग चढतो, तिला जमुनिया म्हणतात, असं तिने तिथेच विहिरीच्या काठावर सगळ्यांना सांगितलं. ऐकलं कोणी नाही.

तो धोंडा तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला. उन्हात रंग उडतो, फार तापवलं की पिवळा पडतो, हे तिने एकेक खडा खर्ची घालून आम्हाला दाखवलं. सुट्टीत गेले की कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने तो धुवायचं काम माझ्याकडे. या खड्याने काचेवर ओरखडा उठतो हे दाखवायला तिने घरातला आरसाच घेतला होता. त्यावरून खाल्लेली बोलणी ती हसत हसत सांगायची.

मधल्या काळात दिगंबरकाकांची दारू फार वाढली. एक दिवस नलूकाकी, त्यांची बायको, आत्याकडे येऊन खडा मागू लागली. बाजारातल्या अंगठीवाल्याने तिला सांगितलं होतं, हा शनीचा खडा, बोटात घातला की दारू सुटते. आमच्या बौद्ध घरात शनीला कधी थारा नव्हता, पण काकी रडकुंडीला आलेली. आत्या तिला हसली नाही. जवळ बसवून म्हणाली, "ही समजूत लई जुनी हाय, नलू. चढू नये म्हणून ग्रीक लोक या खड्याच्या पेल्यातून प्यायचे म्हणतात. म्हणजे पिणं काही थांबलं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी तिने शाळेत रजा टाकली आणि काकांना घेऊन लातूरचं व्यसनमुक्ती केंद्र गाठलं. स्वतः एका मैत्रिणीकडे उतरली. रोज केंद्रात जाऊन बाकावर बसायची, पोरांचे पेपर तपासत. एकदा काका तिथून पळाले. ते एसटी स्टँडवर सापडले तेव्हा आत्याने त्यांना चहा पाजला आणि शेजारी बसून राहिली. रागावली नाही, समजावलंही नाही. कंधारच्या दोन गाड्या समोरून गेल्या... शेवटी काकाच उठले आणि केंद्राच्या दिशेने चालू लागले. पुढे एकदा पुन्हा घसरले, तेव्हा दोघं पुन्हा गेली. त्यानंतर मात्र दारू सुटली ती कायमची.

परवा काकांचा फोन आला, अहमदपूरच्या स्टँडवरून. गल्लीतल्या एका माणसाला घेऊन लातूरला निघाले होते. वाटेत त्याला काय सांगणार, मी विचारलं.

"काय सांगू? वहिनी तरी मला काय बोलल्या होत्या? बसल्या निस्त्या. मीबी बसतो."

मागून कंडक्टरची घंटी ऐकू आली.

"ठेव आता," काका म्हणाले, "गाडी निघून राहिली."