यंदा आपलंच म्हणणारा मल्हारी

शाळेत प्रार्थना संपून पोरं वर्गाकडं निघाली होती, तेवढ्यात गफूरभाईचा फोन आला. एरवी हा माणूस फोनवर आधी सगळ्या चौकशा करतो, जेवण झालं का, गुडघा कसा आहे, सूनबाई आल्या का... त्या सकाळी एवढंच म्हणाला, "मास्तर, अपना मल्हारी गया." पुढं काही नाही. मागं त्याच्या टेम्पोचं इंजिन चालू असल्याचा आवाज तेवढा येत राहिला. ते बंद करायचंही त्याला सुचलं नव्हतं. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय यावं? की अरे गड्या, सीझन तोंडावर आलाय आणि आत्ता जातोस होय रे तू? मला चक्क राग आला. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणतात, पण आला त्याला मी काय करू? वर्गात जायचं सोडून पायरीवर बसलो. शिपायानं पाणी आणून दिलं ते तसंच हातात राहिलं.

मल्हारी आमच्या अणदूरचा. घरी मेंढरं, स्वतः वीज मंडळात लाइनमन. उंची इतकी की घराच्या चौकटीला कपाळ आपटू नये म्हणून तो कुणाच्याही दारात आधी वाकायचा, आणि नवख्या माणसाला वाटायचं, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला, महाहट्टी. शिकायला सोलापूरला गेला तेव्हा बास्केटबॉल हा शब्दसुद्धा त्यानं ऐकला नव्हता. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला रांगेत उभा पाहिला, दंडाला धरून मैदानावर नेला आणि बॉल हातात दिला. तिथून विद्यापीठाच्या संघापर्यंत गेला. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, गावाकडं आला. खेळ मात्र सुटला नाही. लिलावात घेतलेला एक जुना लोखंडी खांब अंगणात पुरला, वर फळी ठोकली, लोहाराकडून रिंग करून घेतली. जाळी मात्र बाजारातली नाही आणली. घरच्या मेंढरांची काळी लोकर, तिचं हातातल्या चातीवर सूत काढायचं, त्याला पीळ द्यायचा आणि जाळी स्वतः विणायची. दरवर्षी नवी. पावसात ती भिजून अशी जड व्हायची की बॉल तिच्यातच अडकून बसायचा. आम्ही काठी शोधत फिरायचो आणि हा नुसता हात वर करून, जरा उडी मारून बॉल काढायचा अन् म्हणायचा, "मास्तर, उंचीला इलाज न्हाय बघ."

मग काही वर्षांपूर्वी देशात व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यात सोलापूरच्या नावाची टीम आली. मल्हारीला जणू घरात बाळ जन्मल्याचा आनंद झाला. या आनंदात त्यानं आम्हाला ओढलं, म्हणजे मला, टेम्पोवाल्या गफूरभाईला आणि किराणा दुकानवाल्या बसवराज-शिवराज या दोघा भावांना. आम्हाला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. त्यानं त्या खांबाखाली उभं करून शिकवलं. आणि पहिल्या सीझनच्या आदल्या दिवशी सकाळी आम्हाला बोलावून घेतलं आणि म्हणाला, तळी उचलायची. आता आमच्या गावात खंडोबा, तेव्हा तळी काय नवी नाही. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा, पाच जणांनी भोवती बसून येळकोट करत ते तीनदा वर उचलायचं. पण ती लग्नाला, जागरणाला. टीमसाठी तळी? मी म्हटलं, मल्हारी, देवाला दुसरं काम नाही का? तर म्हणतो, "बास्केटबॉलला पाच लागत्यात, तळीला बी पाचच. देवानं आदीच टीम पाडून ठिवलीय, आपून नुसतं बसायचं." बसलो.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. तळी खाली ठेवली, कपाळाला भंडारा लागला की प्रत्येकानं यंदाची अपेक्षा बोलून दाखवायची. बसवराज व्यापारी माणूस, त्याचं मागणं बेताचं, "तळाला नको बाबा, तेवढं बघा." शिवराजला उपांत्य फेरी हवी असायची. गफूरभाईचं एकच, "एक बार बंबईवालों को हराव, बाकी सब हारो!" माझी पाळी आली की मी टीमच्या उणिवा वाचायचो. बोर्डावरून परत आलेला बॉल कुणी पकडत नाही, फ्री थ्रो हुकतात, चौथ्या क्वार्टरला पोरांचा दम जातो. आणि सगळ्यांत शेवटी मल्हारी. छाती पुढं काढून, एकदाच, "यंदा आपलंच." त्यावर मी ठरल्यासारखं म्हणायचं, "गेल्या सालीबी हेच म्हणाला होतास." पहिल्या वर्षी तर गेलं साल नव्हतंच, तरी मी तेच म्हणालो होतो, आणि सगळे असे हसले की पुढं ते माझ्या गळ्यातच पडलं. मग खोबरं वाटायचं आणि घरोघर जायचं. टीम म्हणाल तर कधीच काही जिंकली नाही. दर सीझनला हरायची, आणि दर सीझनला मल्हारी तेच म्हणायचा.

पहिल्या मॅचची गोष्ट तर सोलापुरात अजून सांगतात म्हणे. गफूरभाईच्या टेम्पोतून आम्ही पाचही जण गेलो. आतलं मैदान लाकडी, आरशासारखं लखलखीत, आम्ही अगदी कडेच्या खुर्च्यांवर. आमच्या टीमची पहिली बास्केट पडली आणि मल्हारी उठला, "येळकोट येळकोट!" ओरडला आणि खिशातला भंडारा मूठभर उधळला. आम्ही तरी मागं कसे राहणार? आम्हीही उधळला. देवळात हेच करतो, इथं वेगळं काय असणार, असं वाटलं. अहो, त्या गुळगुळीत लाकडावर हळद! आमचाच कप्तान पळत आला आणि सरकत थेट पंचांच्या टेबलापर्यंत गेला. शिट्ट्या वाजल्या, मॅच थांबली, चार माणसं ओली फडकी घेऊन पुसायला लागली, आणि जितकं पुसावं तितकं पिवळं पसरायला लागलं. आम्हाला बाहेर काढलं. उरलेली मॅच आम्ही गेटवरच्या चहाच्या गाड्यावर बसून मोबाइलवर बघितली, आणि हरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मल्हारी मात्र निवांत चहा पीत होता आणि मधेच म्हणाला, "मास्तर, पन सुरुवात लई भारी झाली का न्हाय?" पुढच्या वर्षीपासून गेटवर तपासणी करणारा माणूस आम्हाला बघितलं की आधी खिसेच चाचपायचा. तरी त्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर पुढं किती दिवस पिवळी झाक होती, ती टीव्हीवर दिसली की मल्हारी बोट दाखवून सांगायचा, ती आपली.

गेल्या सीझनला टीमनं घरच्या निम्म्या मॅच दुसऱ्या शहरात खेळायच्या ठरवल्या, प्रेक्षक जास्त मिळतात म्हणून. मी भडकलो. म्हटलं, संपलं, आता ही टीम आपली नाही, आपण काय यांच्या मागं हिंडायचं का? बसवराजही माझ्या बाजूचा झाला. मल्हारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपला देव नळदुर्गला जातो का न्हाय?" आमचा खंडोबा वर्षातले बहुतेक महिने अणदूरला असतो आणि थोडे दिवस नळदुर्गला राहायला जातो, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. "तो तिकडं गेला म्हून आपून देव बदलतो का? रुसतो का? पालखीसंगं चालत जातो, मंग परत येतो त्यो." मी म्हणालो, देवाची गोष्ट वेगळी. तो म्हणाला, "जीव लावायचा तर सारखाच लावायचा की मास्तर." आम्ही गेलो सगळीकडं, अर्थातच. आणि सगळीकडं हरलो.

दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग कावीळ, मग सोलापूरचं हॉस्पिटल, आणि मग डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, बाजूला घेऊन सांगितलं ते. तो माणूस बघता बघता निम्मा झाला. उंची तेवढीच राहिली, त्यामुळं ते आणखी भयंकर दिसायचं... मी दर संध्याकाळी जायचो. ओसरीवरच्या खाटेवर पाय बाहेर काढून पडलेला असायचा आणि हातात चाती. नव्या सीझनची जाळी विणायला घेतली होती. दुखण्याविषयी एक अक्षर नाही. बोलणं सगळं टीमचं. आणि गंमत बघा, यंदा पहिल्यांदाच बोलण्यासारखं काहीतरी होतं! टीमनं नवा प्रशिक्षक आणला होता, रिंगखाली उभा राहणारा पंजाबचा एक धिप्पाड गडी घेतला होता, सरावाच्या सामन्यांत चौथ्या क्वार्टरला पोरं पळत होती. मीसुद्धा, उणिवा मोजणारा मीसुद्धा, घरून निघताना बातम्या वाचून जायचो आणि त्याला सांगताना माझाच आवाज चढायचा. तो डोळे मिटून ऐकायचा. "बोर्डावरनं आलेला बॉल धरतोय का त्यो पंजाबी?" धरतोय, म्हटलं. "मंग झालं तर," म्हणायचा.

शेवटी भेटलो त्या संध्याकाळी आम्ही चौघंही होतो. वहिनींनी चहा ठेवला आणि खाली बघतच म्हणाल्या, "समदे आलेच हाईत, तर आजच उचला ना तळी." त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना कळलं. मल्हारीलाही कळलं. त्यानं चाती थांबवली आणि म्हणाला, "न्हाय. मॅचच्या आदल्या दिवशीच उचलायची असतीय. मोडता घालू नको." मग माझ्याकडं बघून हसला, "मी हाय की तवर." मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? देव नळदुर्गहून परत येतो. माणूस येत नाही, एवढी साधी गोष्ट मला त्याच्या तिरडीला खांदा देताना कळली. बाकीचे तिघं आणि मी, चौघं चार बाजूंना, आणि तो इतका लांब की पाय बाहेर येत होते...

यंदा तळी नाही, असं आम्ही न बोलताच ठरवलं होतं. घरात दुखवटा, आणि बसायला माणसं चार. बास्केटबॉलला चार चालत नाहीत, तळीला तर नाहीच. पण पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी वहिनींचा निरोप आला, चौघांनी या. गेलो. खांबाखाली अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, त्यावर ताम्हण. म्हणाल्या, "खोबरं त्यांनीच आनून ठिवलंय, आजारपनाच्या आदी. त्याचं काय करू मी?" आम्ही बसलो. पाचवी जागा मोकळी. बसवराज चुळबुळ करायला लागला, कुणाला बोलवायचं म्हणून. तेवढ्यात वहिनींनी पदर खोचला आणि त्या जागेवर येऊन बसल्या. आमच्याकडं बाया तळीला बसत नाहीत, त्यात दुखवट्यातल्या. शिवराजनं माझ्याकडं बघितलं, मी गफूरभाईकडं. गफूरभाई म्हणाला, "भाभी बैठी ना, उठाव अब." उचलली. येळकोट म्हणताना आम्हा बाप्यांचे आवाज फुटले, त्यांचा नाही फुटला. भंडारा लावायची वेळ आली तेव्हा बसवराजचं बोट त्यांच्या कपाळापाशी अडखळलं. त्यांनीच चिमूट घेतली आणि लावली. "देवाचा हाय," म्हणाल्या.

मग अपेक्षा. बसवराजनं, शिवराजनं आपापलं म्हटलं. गफूरभाईनं बंबईवाल्यांचं नाव घेतलं आणि रुमाल डोळ्याला लावला. माझी पाळी आली, पण मला एकही उणीव आठवेना. मी नुसतं वर बघत राहिलो. रिंगला नवी जाळी लावलेली होती. वरचा अर्धा भाग त्याच्या हातचा, गच्च विणलेला. खालचा जरा सैल, गाठी मोठ्या, वहिनींनी पुरा केलेला. वारा आला की खालचा भाग तेवढा हलत होता.

"यंदा आपलंच," वहिनी म्हणाल्या. अगदी त्याच चालीत.

खोबरं कुणी उचललं नाही. वहिनी थांबल्या, मग माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुमचं राह्यलं की."

त्यांच्याकडं बघून मला ते म्हणता आलं नसतं, म्हणून मी खांबाकडं बघितलं, वर, जिथं त्याचा हात पोचायचा तिथं.

"गेल्या सालीबी हेच म्हणाला होतास."