तो आवाज तेवढा काढा

साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. मी जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देते. लोक दुकानात येतात, आठवणी सांगतात, कुणी डोळे पुसतं. साहेबांनी काय दिलं? अर्ज! विषय : मातोश्रींची चित्रफीत. खाली सूचना, की फितीत एका गृहस्थांचा आवाज येतो, तो काढून टाकावा.

हे गृहस्थ म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. घराच्या वाटणीत मधली भिंत वीतभर इकडे की तिकडे, यावरून अकरा वर्षं अबोला. आई त्याच काळात गेली. तरी दोघांचं नाक वरच.

कॅसेटला बुरशी इतकी, की एकदा कशीबशी चालली आणि दुसऱ्यांदा तुटली. पण उतरवताना मी समोर बसून सगळी पाहिली. आई वाटाणे सोलतेय आणि कॅमेऱ्यामागून थोरला तिची खोडी काढतोय, लग्नात किती रडलीस, बाबा कसे घोरायचे. ती हसून हसून उत्तरं देतेय. शेवटी तिनं मान वर केली.

"धाकटा कुठंय रे?"

"रुसलाय. येत नाही म्हणतो."

"मग थांबू त्याच्यासाठी. बंद कर ते."

तिथं कॅसेट संपली.

मी साहेबांना सरळ सांगितलं, दोघांचा आवाज एकातच मिसळलाय, भावाचा काढला तर आईचाही जाईल. आईचा आवाज दुसरीकडे कुठं आहे का, विचारलं. नव्हता. मग त्यांच्या कानाला हेडफोन लावला. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, चला, माणूस आहे हा.

"दोन्ही काढा," म्हणाले.

मी म्हटलं, एक आवाजासकट प्रत फुकट देते, कपाटात टाकून ठेवा. तर नको. माझ्याकडची मूळ फाइलसुद्धा समोर बसून पुसायला लावली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभालाही धग लागली नव्हती. इतका राग आला मला! पण गिऱ्हाइकाची आई, गिऱ्हाइकाचा भाऊ, मी कोण लागून गेले? पुसली.

रविवारी फोन आला, टीव्हीवर पेनड्राइव्ह लागत नाही, येऊन जा. गेले. लेक, जावई, आठ वर्षांची नात, सगळे टीव्हीपुढे दाटीवाटीनं बसलेले. मी वायर नीट खोचली. आई वाटाणे सोलू लागली, ओठ हलू लागले, आणि घरात चिडीचूप. लेकीला वाटलं आवाज बारीक आहे, ती रिमोट दाबत बसली. शेवटी आईनं मान वर केली.

"पणजी काय म्हणतेय, आजोबा?" नातीनं विचारलं.

साहेबांना शब्द न् शब्द पाठ होता. "थांबू त्याच्यासाठी, म्हणतेय."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी." लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि हे ती कुणाला सांगतेय?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कॅमेऱ्याला," म्हणाले.